पिल्लू घेण्याआधी त्याची आई पाहा

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. सकाळी दवाखाना उघडायला आलो तर पायरीवर एक कुटुंब बसलेले. वडील, आई, आजी आणि आठ वर्षांची मुलगी. मुलीच्या उजव्या हाताच्या बोटाला हळद लावून फडके बांधलेले होते आणि रडून रडून डोळे सुजले होते. बोट दुखत असेल असे मला वाटले. पण रडणे बोटासाठी नव्हते.

"डॉक्टरसाहेब, चार दिवसांपूर्वी हिच्या वाढदिवसाला कुत्र्याचं पिल्लू आणलं. पॉमेरियन. काल रात्री झटके येऊन गेलं," वडील म्हणाले. "परवा खेळता खेळता हिला चावलं होतं. एवढंसं तर पिल्लू, त्याचं काय मनावर घ्यायचं, म्हणून कुणाला दाखवलं नाही. आता ते गेलं म्हणून आलो."

पिल्लू कोठून आणले, असे विचारले. कोणाच्या तरी ओळखीने मोबाईलवर फोटो पाहिला, पैसे पाठवले, आणि खासगी बसने एका खोक्यातून पिल्लू स्टँडवर आले. सोबत लसीकरणाचे कार्ड होते. ते त्यांनी मोठ्या विश्वासाने माझ्यापुढे ठेवले. कार्डावर पिल्लाचे वय पंचेचाळीस दिवस, आणि रेबीजच्या लसीच्या रकान्यात सही-शिक्का. ही लस साधारणपणे पिल्लू तीन महिन्यांचे झाल्यावर देतात. म्हणजे एकतर वय खोटे, नाहीतर लस. बहुधा दोन्ही.

पिल्लू कशाने गेले, हे मी सांगू शकत नव्हतो. नाल्याच्या काठी पुरून झाले होते, त्यामुळे तपासणीचा प्रश्नच उरला नाही. लहान जातीच्या उपाशी पिल्लाला रक्तातली साखर उतरून झटके येतात. डिस्टेंपर नावाच्या रोगानेही येतात. आणि रेबीजनेही येऊ शकतात. चावलेले कुत्रे दहा दिवस धडधाकट राहिले तर चावण्याच्या वेळी त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असे आपण धरून चालतो. इथे ते तीन दिवसांतच मेले होते. रेबीज एकदा झाला की त्यावर उपाय नाही, माणूस जातोच. अशा वेळी डॉक्टरने शक्यतेचा हिशेब मांडत बसायचे नसते.

बोटावरची हळद धुऊन काढली, जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुतली. खरे तर हे चावल्याबरोबर घरीच व्हायला हवे होते. हळद, चुना, तिखट यांपैकी काहीही अशा जखमेवर लावू नये, आणि घट्ट पट्टीही बांधू नये. मुलीच्या बोटातून रक्त आले होते, म्हणून तिला लसीबरोबरच जखमेभोवती टोचायचे इम्युनोग्लोब्युलिन हवे होते. आईच्या मनगटावर रक्त न आलेला ओरखडा होता, तिला नुसती लस. वडिलांनी तळहाताला भेगा असताना झटक्यांत पिल्लाची लाळ पुसली होती. भेगाळलेल्या कातडीला लाळ लागणे म्हणजे चावण्यासारखेच, म्हणून त्यांना दोन्ही. आजींनी फक्त पाठीवरून हात फिरवला होता, त्यांना काहीच नको. (त्यांचा मात्र विश्वास बसेना. "मलाही एक देऊन टाका" म्हणत होत्या.) तिघांना सिव्हिलला पाठवले. तिथे ही लस मोफत मिळते आणि कातडीत थोडी थोडी टोचतात, पहिल्या दिवशी आणि नंतर तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी.

वाचकहो, या सदरात आज कुत्र्यांचा विषय कशाला, असे तुम्हाला वाटेल. मी माणसांचा डॉक्टर आहे, जनावरांचा नाही. पण गेल्या काही वर्षांत आपल्या गावांतून पग, शित्झू, पॉमेरियन, डॅशहुंड अशी छोटी कुत्री पाळण्याची हौस वाढली आहे, आणि त्या हौसेतून आलेले रुग्ण माझ्याकडे येतात. कुत्रा पाळू नका, असे मी म्हणणार नाही. माझ्याकडेही बारा वर्षे एक कुत्री होती. मात्र ज्या जागी पिल्लू जन्मले, त्या जागेची स्वच्छता, तिथल्या माणसाचा प्रामाणिकपणा आणि पिल्लाच्या आईची तब्येत या तीन गोष्टी पिल्लाबरोबर तुमच्या घरात येतात. पुढची बरीचशी माहिती एका पशुवैद्य मित्राकडून मी वेळोवेळी समजून घेतली आहे.

आपल्या बाळाला गोवराची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात, हे आयांना ठाऊक असते. त्याआधी का नाही? कारण आईकडून मिळालेली रोगप्रतिबंधक द्रव्ये तोवर बाळाच्या रक्तात असतात, आणि ती लसीलाही जुमानत नाहीत. कुत्र्याच्या पिल्लाचे तसेच आहे. फरक इतकाच, की पिल्लाला हे संरक्षण मुख्यतः पहिल्या दिवसाच्या चिकातून मिळते. आईलाच लस दिलेली नसेल तर चिकातून द्यायला तिच्याजवळ फारसे काही नसते. मिळालेले संरक्षण काही आठवड्यांत उतरते, कोणाचे लवकर, कोणाचे उशिरा. म्हणूनच पार्व्हो आणि डिस्टेंपरच्या लसी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत पुन्हा द्याव्या लागतात. पार्व्हो हा रोग १९७८ च्या सुमारास जगभर पसरला. रक्ताची हगवण आणि उलट्या होऊन पिल्लू दोन-तीन दिवसांत जाऊ शकते. एक महिन्याचे पिल्लू खोक्यात घालून दिवसभर प्रवास करायला लावणे म्हणजे त्याला नेमके अशा रोगांच्या तोंडी देणे होय. हे दोन रोग माणसाला होत नाहीत, एवढाच दिलासा.

माणसाला होतात ते जंत. कुत्र्याच्या गोल जंतांचे चक्र चमत्कारिक आहे. त्यांच्या अळ्या कुत्रीच्या शरीरात सुप्त पडून राहतात, ती गाभण झाली की जाग्या होतात आणि गर्भातल्या पिल्लांत शिरतात. दुधातूनही जातात. म्हणजे पिल्लू स्वच्छ फरशीवर जन्मले तरी जंत घेऊनच येऊ शकते. तीन-चार आठवड्यांचे झाले की त्याच्या विष्ठेतून अंडी पडू लागतात. ही अंडी मातीत दोन-तीन आठवडे मुरली की लागण करण्याजोगी होतात आणि मग महिनोन्‌महिने टिकतात. अंगणात खेळणारे मूल हात न धुता खाते आणि अंडी पोटात जातात. तिथे अळी बाहेर पडते, पण माणूस हे तिचे खरे घर नव्हे. वाट चुकल्यासारखी ती यकृतात, फुप्फुसात फिरते, आणि क्वचित डोळ्यात जाते. एका डोळ्याची दृष्टी कायमची अधू होऊ शकते. तिरळेपणा आला म्हणून किंवा बाहुलीत पांढरे दिसते म्हणून मूल तपासायला आणावे, डोळ्यातल्या कर्करोगाची शंका यावी आणि निघावी कुत्र्याच्या जंताची अळी, असेही घडते.

पैदास करणारा माणूस जबाबदार असेल तर गाभण कुत्रीला पशुवैद्याच्या सल्ल्याने जंताचे औषध देतो आणि पिल्लांना दोन आठवड्यांची असल्यापासून दर पंधरवड्याला. हे औषध महाग नाही. तरी दिले जात नाही, कारण जंताने फुगलेले पोट पाहून गिऱ्हाईक म्हणते, "किती गुटगुटीत आहे!" घरी आणल्यावर पिल्लाची विष्ठा त्याच दिवशी उचलून टाकावी. ताज्या विष्ठेतली अंडी लागण करीत नाहीत, वाळून मातीत मिसळली की करतात.

आता वयाविषयी. पिल्लू लवकर का विकतात? एक तर महिनाभरानंतर खाण्याचा आणि लसीचा खर्च सुरू होतो. दुसरे म्हणजे पिल्लू जितके लहान तितके गोजिरवाणे. तिसरे कारण यापेक्षा लबाड आहे. 'टॉय', 'टीकप', 'मिनी' असे शब्द तुम्ही ऐकले असतील. कपात मावेल एवढा कुत्रा! 'टीकप' नावाची कोणतीही जात कोणत्याही मान्यवर केनेल क्लबच्या यादीत नाही. त्या नावाखाली जे विकले जाते ते एकतर वेतातले सर्वांत अशक्त पिल्लू असते, नाहीतर कमी वयाचे, नाहीतर अर्धपोटी ठेवलेले. आपल्याकडे पॉमेरियन म्हणून विकली जाणारी बहुतेक कुत्री मुळात इंडियन स्पिट्झ या जातीची असतात. १९९४ च्या 'हम आपके हैं कौन'मधला टफी हा याच जातीचा. हा कुत्रा चिवट, आपल्या हवेला रुळलेला, मला तर फार आवडतो. पण तो पाच-सहा किलोंचा आणि कधी त्याहून जड होतो. खरा पॉमेरियन दीड ते तीन किलोंचा. तोही पूर्वी मोठाच होता. १८८८ मध्ये व्हिक्टोरिया राणीने इटलीतल्या फ्लॉरेन्सहून एक लहानखुरा पॉमेरियन आणला आणि लहान आकाराची फॅशन पडली. स्पिट्झचे महिन्याचे पिल्लू 'टॉय पॉम' म्हणून खपवले, की वर्षभराने कुत्रा मोठा झालेला पाहून मालक हिरमुसतो.

वय ओळखायला तोंड उघडून पाहा. साधारण तीन-चार आठवड्यांपासून दुधाचे दात येऊ लागतात आणि आठ आठवड्यांच्या सुमारास सगळे अठ्ठावीस पूर्ण होतात. अगदी लहान जातींत थोडा उशीर होतो. पण पुढचे दात नुकते टोकरताहेत आणि दाढांचा पत्ता नाही, अशा पिल्लाचे वय दोन महिने सांगितले तर उठून यावे. डोक्यावर मध्यभागी बोट फिरवून टाळूही पाहावी. चिवावासारख्या फार लहान जातींत ती उघडी राहते, आणि कधी कधी आत पाणी साठलेले असते.

लवकर तोडलेले पिल्लू जास्त चावते, हे मला माझ्या मित्राने सांगेपर्यंत ठाऊक नव्हते. तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात पिल्ले एकमेकांना चावत खेळतात. जोरात चावले की दुसरे केकाटते आणि खेळ थांबवते, आई डाफरते. किती जोराने चावायचे, हे ते असे शिकते. ही शाळा बुडालेले पिल्लू तुमच्या मुलाच्या बोटावर शिकते. छोटा कुत्रा चावला तर त्याला हसून सोडून देण्याची आपली सवयही वाईट. रेबीजच्या विषाणूला कुत्र्याचे वजन कळत नाही.

भूक हाही लहान पिल्लांचा वैरी. एवढ्याशा यकृतात साखरेचा साठा तो केवढा! दोन वेळचे खाणे चुकले की पिल्लू मलूल होते, झोकांड्या खाते, झटके येतात. असे झाल्यास हिरड्यांना मध किंवा साखरेचे दाट पाणी चोळावे आणि तडक पशुवैद्याकडे न्यावे. झटके चालू असताना तोंडात बोट मात्र घालू नये. आमच्या त्या पिल्लाचे बहुधा हेच झाले असावे, असे माझ्या मित्राचे मत पडले. पण 'बहुधा' या शब्दावर मुलीची लस टाळता येत नाही.

पगविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे. २००३ मध्ये हच या मोबाईल कंपनीच्या जाहिरातीत मुलाच्या मागे मागे जाणारा पग दिसला आणि देशभर पगची मागणी वाढली. जाहिरातीतल्या कुत्र्याचा यात काही दोष नाही. पण पगच्या नाकाचे हाड आखूड असते, आतले मांस मात्र तेवढेच. लांब पेटीतले सामान आखूड पेटीत कोंबल्यासारखा प्रकार. मऊ टाळू घशात लोंबते, नाकपुड्या फटीएवढ्या. त्याचे घोरणे ऐकून घरचे हसतात. माणूस असा घोरू लागला तर मी त्याला नाक-कान-घशाच्या डॉक्टरकडे पाठवीन. शिवाय कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून अंग थंड करतो. ज्याला धापच नीट टाकता येत नाही त्याने आपल्या भागातला बेचाळीस-त्रेचाळीस अंशांचा मे महिना कसा काढायचा? दुपारी गच्चीवर किंवा बंद मोटारीत राहिलेला पग उष्माघाताने तासाभराच्या आतही जाऊ शकतो. केंब्रिज विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी अशा कुत्र्यांसाठी एक सोपी चाचणी बसवली आहे. तीन मिनिटे दुडक्या चालीने पळवायचे आणि आधी व नंतर श्वासाचा आवाज ऐकायचा. तंतोतंत ती चाचणी पशुवैद्यच करतील. पण पिल्लाच्या आईला तुमच्यासमोर सकाळच्या गारव्यात थोडे पळवायला सांगा. तेवढ्यात ती घरघरू लागली तर तिच्या पिल्लांनाही तो त्रास असण्याची शक्यता मोठी. नाकपुड्या ऐसपैस असलेला, नाक जरा लांब असलेला पग दिसायला कमी 'अस्सल' वाटेल, पण तोच घ्यावा.

अस्सल म्हटले की कागद आले. "कागदवाला आहे" असे विकणारा छातीठोकपणे सांगतो. केनेल क्लब ऑफ इंडियाचे वंशावळीचे प्रमाणपत्र आई-बाप-आजे कोण ते सांगते. पिल्लू निरोगी आहे, असे ते सांगत नाही. पण त्या कागदाचा एक उपयोग आहे, जो फारसे कोणी करीत नाही. आईकडची आणि बापाकडची नावे शेजारी शेजारी ठेवून वाचा. तेच नाव दोन्हीकडे आले तर पैदास नात्यात झाली आहे. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न लावतात, आणि अशा जोडप्यांना मी समजावून सांगत असतो, की मामे-आते भावंडांच्या अपत्यात जनुकांच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून येण्याचा संभव सोळात एक असतो. सख्ख्या भावंडांच्या किंवा बाप-लेकीच्या जोडीत तो चारात एक होतो. कुत्र्यांत असे संबंध 'रक्त शुद्ध राहावे' म्हणून मुद्दाम जुळवले जात. लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवले, की ब्रिटनमधल्या सुमारे दहा हजार पगमधली आनुवंशिक विविधता जेमतेम पन्नास कुत्र्यांएवढी आहे. त्याच वर्षी बीबीसीने या विषयावर माहितीपट दाखवला, मोठा गदारोळ झाला, आणि २००९ पासून तिथल्या केनेल क्लबने सख्ख्या भावंडांची व आई-मुलगा, बाप-लेक यांची पिल्ले नोंदवणे बंद केले. आपल्या जिल्ह्यात दोन-तीन घरांतल्या नरांवरच बरीचशी पैदास चालत असेल तर 'क्रॉसिंग'ला आणलेली मादी त्याच नराची नात असायला वेळ लागत नाही. गुडघ्याची वाटी सरकणे, हा लहान जातींचा नेहमीचा आजार, असाच घराण्यातून उतरतो. चालता चालता मागचा पाय उचलून तीन पायांवर लंगडी घालणारी कुत्री पाहून लोक म्हणतात, नखरा करते. नखरा नव्हे, वाटी सरकलेली असते.

आता घरच्या घरी पिल्ले काढणाऱ्यांसाठी. "एक तरी वेत होऊ द्यावं, नाहीतर कुत्री आजारी पडते," असे वडीलधारी मंडळी सांगतात. यात तथ्य नाही. उलट वेळेवर गर्भाशय काढलेल्या कुत्रीला पुढे गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजार होत नाही. ज्यांना पैदास करायचीच आहे त्यांनी मादी दीड वर्षाची होण्याआधी नराला दाखवू नये, आणि नर तिच्यापेक्षा मोठ्या चणीचा नसावा. गर्भकाळ साधारण त्रेसष्ट दिवसांचा. लहान जातींत, विशेषतः पगमध्ये, पिल्लाचे डोके मोठे आणि वाट अरुंद, म्हणून सिझेरियनची वेळ येते. अर्धा तास जोराच्या कळा देऊनही पिल्लू बाहेर आले नाही, किंवा पहिल्या पिल्लाआधीच हिरवट काळे पाणी जाऊ लागले, तर सकाळची वाट पाहू नये. रात्री अपरात्री येणारा पशुवैद्य आधी ठरवून ठेवलेला नसेल तर पैदासच करू नये. व्यायल्यावर दोन-तीन आठवड्यांनी, दूध भरात असताना, लहान कुत्रीला थरथर सुटते, अंग ताठ होते, ताप चढतो. हा कॅल्शियम उतरल्याचा प्रकार. याला एक्लॅम्प्सियाच म्हणतात, पण बाळंतिणीच्या एक्लॅम्प्सियाशी त्याचा नावापुरताच संबंध. तासाभरात कॅल्शियमची सलाईन मिळाली तर कुत्री उठून बसते, नाही मिळाली तर जाते.

कायदाही आहे, आणि तो बऱ्याच विकणाऱ्यांना ठाऊक नसतो किंवा ठाऊक असून नसतो. केंद्र सरकारने २०१७ मध्ये कुत्र्यांची पैदास व विक्री याविषयी नियम केले. त्यांनुसार व्यवसाय म्हणून पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते. आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकता येत नाही. लस दिल्याशिवाय आणि कातडीखाली ओळखीची मायक्रोचिप घातल्याशिवायही विकता येत नाही. अठरा महिन्यांपेक्षा लहान मादीला गाभण करायचे नाही, वर्षात एकाहून अधिक वेत घ्यायचे नाही, आणि आयुष्यात पाचांहून अधिक नाही. नोंदणी क्रमांक विचारला की विकणाऱ्याचा सूर बदलतो, हा माझा अनुभव. एखादा रागावतो, एखादा "घरचीच पिल्लं आहेत हो" म्हणतो, आणि एखादा मुकाट्याने कागद पुढे करतो.

त्या कुटुंबाचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहिले. तिघांच्या लसी पूर्ण झाल्या, तिघेही उत्तम आहेत. अठ्ठाविसाव्या दिवसाची लस घेऊन मुलगी थेट माझ्याकडे आली आणि बोट नाचवत म्हणाली, "आता आणू का दुसरं?" वडिलांनी कपाळाला हात लावला. मी माझ्या पशुवैद्य मित्राला फोन लावला. त्याने तालुक्याच्या गावातल्या एका गृहस्थांचे नाव दिले, आणि एका रविवारी आम्ही चौघे तिकडे गेलो. स्पिट्झची मादी ओसरीवर मोकळी बसली होती, भुंकत आली, हुंगून शांत झाली. केस तुकतुकीत, डोळे स्वच्छ, जागेला वास नाही. मागच्या वेताची कार्डे त्यांनी काढून दाखवली. प्रत्येक लसीच्या बाटलीचे स्टिकर, तारीख, जंताच्या औषधाच्या नोंदी. त्यांनीच आम्हाला उलट प्रश्न विचारले, घरात दिवसभर कोण असते, गावाला जाताना कुत्रा कोणाकडे ठेवणार, आधीचे पिल्लू कशाने गेले. शेवटचा प्रश्न ऐकून मुलगी माझ्यामागे लपली. ते पिल्लू फिरले ती जागा धुऊन काढली का, हेही त्यांनी विचारले. पार्व्होचा विषाणू असला तर तो फरशीवर, खोक्यावर, पायपुसण्यावर महिनोन्‌महिने राहतो. ब्लीचिंगच्या पाण्याने धुवा आणि ते खोके जाळून टाका, असे त्यांनी बजावले.

पिल्ले मात्र त्यांच्याकडे नव्हती. मादीला या खेपेला विश्रांती आहे, म्हणाले. पुढच्या माजावर दाखवणार, त्यानंतर दोन महिने, मग आणखी दोन महिने पिल्ले आईजवळ. मुलीने बोटांवर हिशेब केला, चुकला, पुन्हा केला. वडिलांनी नाव नोंदवले. आगाऊ पैसे त्यांनी घेतले नाहीत.